कोरडा बर्फ : दिसणारे धुके आणि न दिसणारा वायू



नृसिंहवाडीस कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर दत्तदर्शनास जाणाऱ्या प्रत्येकाने कापूर जळताना पाहिलेला असतो. घरी कापराची पुडी उघडी राहिली, तर तो न जळताही काही दिवसांत वड्या झिजून लहान होतात. कागद मात्र कोरडाच असतो. पाणी झाले नाही, मग कापूर गेला कोठे? शिरोळ तालुक्यातील कोणतेही चौकस मूल हा प्रश्न विचारील, आणि त्याच्या उत्तरातच कोरड्या बर्फाचे मर्म आहे.

घन पदार्थ द्रवरूप न होता एकदम वायुरूप होतो, या क्रियेस संप्लवन म्हणतात. कापूर हे सावकाश करतो. कोरडा बर्फ तेच झपाट्याने करतो. दोहोंत एक भेदही आहे. कापूर पुरेसा तापविल्यास वितळतो. कोरडा बर्फ मात्र उघड्या हवेत कितीही तापविला तरी वितळत नाही.

कोरडा बर्फ म्हणजे घनरूप कार्बन डायऑक्साइड. फ्रेंच संशोधक थिलोरिए यांनी १८३५ साली त्याचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. त्याचे तापमान उणे ७८.५ अंश सेल्सिअस असते. हा वायू द्रवरूपात राहण्यास वातावरणाच्या पाचपटींहून अधिक दाब लागतो. वर्गात तेवढा दाब नसतो. म्हणून मधली पायरी गळते व घनाचा थेट वायू होतो.

हा वायू ऊसकऱ्यांच्या मुलखास परका नाही. उसाचा रस उघडा राहिला की त्यावर बुडबुडे येतात. आसवनीत मळी आंबविताना हीच क्रिया मोठ्या प्रमाणावर घडते. १८० भाग ग्लुकोजपासून ९२ भाग मद्यार्क व ८८ भाग कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. असा वायू गोळा करून, शुद्ध करून व दाबून त्यापासून कोरडा बर्फ तयार करता येतो.

त्याचा एक खडा खोलीत ठेवला, तर प्रथम हवेतील बाष्प त्यावर पांढऱ्या हिमाच्या रूपाने साचते. खडा हळूहळू लहान होत जातो आणि शेवटी नाहीसा होतो. एक किलो कोरड्या बर्फापासून खोलीच्या तापमानास सुमारे ५४० लिटर वायू होतो. म्हणजे २०० लिटरची अडीच पिंपे भरून वर उरेल. म्हणूनच घट्ट बुचाच्या बाटलीत किंवा बंद डब्यात तो ठेवल्यास भांड्याचा स्फोट होतो.

खडा कोमट पाण्यात टाकला की दाट पांढरे लोट उसळतात. येथे पुष्कळांचा गैरसमज होतो. ते लोट म्हणजे कार्बन डायऑक्साइड नव्हे. तो वायू रंगहीन असून डोळ्यांस दिसत नाही. दिसते ते पाण्याच्या सूक्ष्म कणांचे धुके. हिवाळ्यात पहाटे कृष्णेच्या पात्रावर तरंगणाऱ्या धुक्याच्याच जातीचे. धुके विरले म्हणजे वायूही गेला, असे मात्र मुळीच नाही.

हा भेद आज विशेष महत्त्वाचा झाला आहे. अलीकडे लग्नसमारंभांत वधूवरांच्या पायांशी असे धुके सोडण्याची हौस वाढली आहे, आणि मुले त्या खड्यांभोवती जमतात. कोणी खडीसाखर समजून तो तोंडात घालील, कोणी मुठीत धरील. मार्च २०२४ मध्ये हरियाणातील गुरुग्राम येथे एका उपाहारगृहात जेवणानंतरची मुखशुद्धी समजून कोरडा बर्फ खाल्ल्याने पाच जणांच्या तोंडातून रक्त येऊन त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. ती प्रौढ माणसे होती. मग अजाण बालकांची काय कथा? उघड्या हातासही त्याने भाजल्यासारखी जखम होते.

दुसरा धोका श्वासाचा. कार्बन डायऑक्साइड हवेच्या सुमारे दीडपट जड असल्याने सखल, कोंदट जागी साचतो. जुन्या माणसांस हे अनुभवाने ठाऊक होते. शिरोळजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे प्रसिद्ध आहेत. बंद पेवात प्राणवायू कमी होऊन हा वायू वाढतो. म्हणून पेव उघडून काही काळ तसेच ठेवावे व जळता कंदील आत सोडून पाहावा, अशी रीत असे. कंदील विझला तर माणसाने उतरावयाचे नाही. तो जळत राहिला तरी सर्व विषारी वायूंपासून निर्भयता सिद्ध होत नाही, हेही सांगावे. विहिरीत वा टाकीत कोणी बेशुद्ध पडला, तर त्याच्यामागे उडी न घेता मदत बोलवावी, हा धडा मुलांच्या मनावर ठसला पाहिजे.

यासाठी शाळेत कोरडा बर्फ आणण्याची गरज नाही. तीन साधे प्रयोग पुरेत. पहिला, कापराची वडी तोलून उघडी ठेवावी व आठ दिवसांनी पुन्हा तोलावी. दुसरा, तांब्यात साधा बर्फ घालून बाहेरून जमणारे थेंब दाखवावेत. हवेतील अदृश्य बाष्प गारव्याने कसे दृश्य होते, हे त्यावरून कळेल. तिसरा, उंच पेल्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घेऊन त्यावर लिंबाचा रस पिळावा. फेस बसल्यावर, रस सांडू न देता, पेला पेटत्या मेणबत्तीवर हलकेच कलता करावा. काहीही ओतलेले दिसत नाही, तरी ज्योत विझते.

ती ज्योत विझताना वर्ग क्षणभर स्तब्ध होतो. मुलांना प्रश्न करण्याची वेळ तीच. जे दिसते तेवढेच असते असे नाही, ही जाणीव एकदा झाली, की लग्नमंडपातील धुक्याकडे आणि गावच्या विहिरीकडे ती मुले अधिक डोळसपणे पाहू लागतील.