सकस अन्न आणि राष्ट्राची मिळकत



देशाची संपत्ति वाढवावयाची तर कारखाने, धरणें व रस्ते हवेत, हें आपण नेहमीं ऐकतों. तें खोटें नाहीं. परंतु कारखाना चालविणाऱ्या मनुष्यास दोन वर्षांचा असतांना काय खावयास मिळालें, हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे, असें फारच थोड्यांस वाटतें. आपल्याकडे तो स्वयंपाकघराचा, फार तर दानधर्माचा मानला जातो.

प्रथम प्रौढ माणसाचें उदाहरण घेऊं. इंडोनेशियांतील रबराच्या मळ्यांत चीक गोळा करणाऱ्या मजुरांची एक पाहणी १९७९ सालीं प्रसिद्ध झाली. ज्यांच्या रक्तांत लोहाची उणीव होती, त्यांचें काम निरोगी मजुरांपेक्षां सुमारें पांचव्या हिश्शानें कमी भरे. त्यांस साठ दिवस लोह औषधरूपानें दिल्यावर ही तूट बहुतेक भरून निघाली.

बालपणींची तूट मात्र अशी सहज भरत नाहीं. मध्य अमेरिकेंतील ग्वाटेमाला देशांत १९६९ पासून १९७७ पर्यंत चार खेड्यांत एक प्रयोग झाला. दोन खेड्यांत लहान मुलांस व गरोदर स्त्रियांस दुधाची भुकटी घातलेली सकस पेज मोफत मिळे. उरलेल्या दोहोंत केवळ गोड सरबत मिळे. वैद्यकीय सोय चारहि ठिकाणीं सारखीच होती. तीं मुलें मोठीं होऊन कामधंद्यास लागल्यावर, २००२ ते २००४ या काळांत, त्यांची पुन्हां गांठ घेण्यांत आली. आयुष्याच्या पहिल्या दोन वर्षांत ज्या मुलग्यांस ती पेज मिळाली होती, त्यांची ताशी मजुरी सुमारें ४६ टक्क्यांनीं अधिक आढळली. स्त्रियांच्या मजुरींत असा फरक दिसला नाहीं. परंतु त्यांचें शिक्षण एका इयत्तेहून कांहींसें अधिक झालें होतें. तीन वर्षांनंतर मिळालेल्या पेजेचा मजुरीवर असा परिणाम दिसला नाहीं.

हें शेवटचें वाक्य फार महत्त्वाचें आहे. मीं जन्मभर शाळेंत मुलें शिकविलीं, म्हणून सांगतों. मूल पहिल्या इयत्तेंत येतें तें सहाव्या वर्षीं. मेंदूची अत्यंत वेगाची वाढ तोंपर्यंत होऊन गेलेली असते. मग फळ्यावरील हिशेब त्यास उमगत नाहीं, शिक्षक त्यास मंद म्हणतात, आणि तें शाळा सोडून मिळेल ती मजुरी पत्करतें. शाळेंतील दुपारचें जेवण अवश्य हवें. उपाशी पोटीं विद्या येत नाहीं. पण त्याच्या आधींच्या उपासमारीची भरपाई तें पुरती करूं शकत नाहीं.

"देश श्रीमंत झाला कीं अन्न आपोआप सुधारेल," असें कोणी म्हणेल. १९९३ सालीं नोबेल पारितोषिक मिळविणारे अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट फोगेल यांनीं या प्रश्नाची दुसरी बाजू दाखविली. ब्रिटनच्या १७९० नंतरच्या दोन शतकांतील आर्थिक वाढीपैकीं सुमारें ३० टक्के वाढ आहार सुधारल्यामुळें झाली, असें त्यांचें अनुमान आहे. पैशानें अन्न येतें, तसा अन्नानेंहि पैसा येतो.

आतां आपल्या घराकडे वळूं. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणींत भारतांतील पांच वर्षांखालील दर शंभर मुलांपैकीं सुमारें ३५ मुलें वयाच्या मानानें खुजीं आढळलीं. महाराष्ट्राचा आकडाहि जवळजवळ तोच होता. याचें कारण केवळ अपुरें अन्न नव्हे. आईचा अशक्तपणा, अशुद्ध पाणी व वारंवार होणारी हगवण हींहि कारणें आहेत. म्हणून अंगणवाडी, शुद्ध पाणी व गरोदर स्त्रीची काळजी यांवरील पैसा धरणाच्या खर्चाप्रमाणेंच भांडवल समजला पाहिजे. या भांडवलाचें फळ वीस वर्षांनीं हातीं येतें, इतकेंच.

सरकारनें काय करावें हें आपण नेहमींच सांगतों. आपल्या घरीं धुणींभांडीं करावयास येणारी बाई गरोदर असेल, तर तिला विश्रांति, पगारी रजा आणि रोज वाटीभर दाट वरण व पेलाभर दूध देणें हें मात्र आपल्याच हातीं आहे. तें उद्यांपासून करतां येईल.