गल्ल्याला दुसरी सही

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सोसायटीला पंचवीस वर्षं पूर्ण झाली, सर्वांचं मनापासून अभिनंदन. बँकेतल्या माणसाने पैशांबद्दलच बोलावं, अशी कार्यकारिणीची सूचना होती. आपल्याकडे कोणाचं किराणा दुकान आहे, कोणाचं कृषी सेवा केंद्र, कोणी घरून मसाले-पापड विकतं, कोणी शिकवण्या घेतं. या सगळ्यांचा गल्ला आता मोबाईलमध्ये गेला आहे. तो सांभाळायचा कसा, एवढंच आज बोलतो.

नोकरदार माणूस फसला तर त्याची बचत जाते. दुःख मोठंच आहे. पण दुकानदाराच्या खात्यातले सगळे पैसे त्याचे नसतातच. त्यात घाऊक व्यापाऱ्याची उधारी असते, बँकेचं कर्ज असतं, कामावरच्या पोराचा पगार असतो. खातं रिकामं झालं की आठ दिवसांत माल येणं थांबतं, आणि बाजारात एकदा पत गेली की ती परत मिळवायला वर्षं लागतात. म्हणून हा विषय छोट्या धंद्यासाठी जास्त गंभीर आहे.

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचं प्रकरण अनेकांना आठवत असेल. ऑगस्ट २०१८ मधली गोष्ट. ११ तारखेला, शनिवारी, काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे काढले गेले. १३ तारखेला आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. एकूण ९४ कोटींवर रक्कम गेली. हे घडलं कसं? एटीएममध्ये कार्ड घातलं की मशीन बँकेला विचारतं, ‘खात्यात पैसे आहेत का, देऊ का?’ चोरांनी मधेच एक खोटी यंत्रणा बसवली. प्रश्न बँकेच्या खऱ्या खात्यापर्यंत पोहोचतच नव्हता, खोटी यंत्रणाच परस्पर ‘द्या’ म्हणत होती. मशीन बिचारं पैसे देत गेलं.

आता तुळजापूरला या. नवरात्राची गर्दी आहे. गिऱ्हाईक कवड्यांची माळ, हळद-कुंकू, प्रसाद घेतं, मोबाईल पुढे करतं, हिरवी खूण दाखवतं, ‘काका, झालं बघा’ म्हणतं आणि गर्दीत मिसळतं. असा खोटा पडदा दाखवणारी ॲप निघाली आहेत. इथेही पैसे आले की नाही, हे आपण चुकीच्या जागी विचारलं. समोरच्याचा मोबाईल हा पुरावा नव्हे. आपल्या खात्यात जमा दिसली किंवा आपल्या स्पीकरवर रक्कम ऐकू आली, तरच पैसे आले.

क्यूआरचंही तसंच. रात्रीतून आपल्या स्टिकरवर दुसऱ्याचं स्टिकर चिकटवल्याचे प्रकार देशात घडले आहेत. सकाळी दुकान उघडलं, पूजा झाली, की घरच्या मोबाईलवरून एक रुपया टाकून बघा. नाव आपलंच येतं का, दहा सेकंदांत कळतं.

दुसरा प्रकार मोठ्या ऑर्डरचा. समजा, भूमकडच्या खवा व्यापाऱ्याला फोन येतो: ‘मी सैन्यातला अधिकारी, कॅम्पसाठी पन्नास किलो खवा पाहिजे, ॲडव्हान्स पाठवतो, फक्त पिन टाका.’ मंडळी, पिन लागतो तो पैसे देताना. घेताना कधीच लागत नाही. हे एक वाक्य घरातल्या प्रत्येकाला पाठ पाहिजे. ‘चुकून जास्त पैसे आले, परत पाठवा’ असा फोन आला तरी आधी आपलं खातं बघायचं. पैसे खरंच आले असतील तर परतफेड स्वतः करू नका, बँकेला कळवा. ते पैसे दुसऱ्या कोणाच्या फसवणुकीतले असू शकतात, आणि मग आपलंच खातं गोठवलं जातं. त्याच कारणाने आपलं खातं कोणाला ‘चार दिवस वापरायला’ देऊ नका, भाचा असो की मित्र.

तिसरं, लग्नपत्रिका, वाहनाचं चलन, शासकीय योजनेची यादी अशा नावाने व्हॉट्सॲपवर एपीके फाईल येते. ती उघडून इन्स्टॉल केली की मोबाईलवरचे ओटीपी परस्पर चोराकडे जाऊ शकतात. खरी लग्नपत्रिका फोटो किंवा पीडीएफ म्हणून येते, एपीके म्हणून नव्हे. शंका आली तर पत्रिका पाठवणाऱ्यालाच फोन लावा.

आता उपाय. आपल्या सोसायटीच्या चेकवर एकट्याची सही चालत नाही. कोणावर अविश्वास आहे म्हणून नव्हे. घाईत एकाकडून चूक होते, दुसऱ्याच्या नजरेला ती दिसते, म्हणून. बँकेतही नोंद एकाने करायची आणि तपासायची दुसऱ्याने, ही शिस्त. छोट्या दुकानात अशी दुसरी सही घरातच मिळते. ठरावीक रकमेच्या वर, समजा पाच हजार, पैसे पाठवायचे असतील तर आधी बायकोला, मुलाला किंवा सुनेला सांगायचं. मोठ्याने सांगता सांगताच निम्म्या थापा उघड्या पडतात. ठग म्हणूनच ‘फोन ठेवू नका, कोणाला सांगू नका’ म्हणतो.

धंद्याचं खातं वेगळं ठेवा. क्यूआरला जोडलेल्या खात्यातली रक्कम रोज रात्री दुसऱ्या खात्यात वळवा, रोजची मर्यादा कमी करून घ्या. रात्री गल्ला मोजतो तसा मोबाईलचा हिशोबही जुळवा.

इतकं करूनही घात झालाच तर वेळ दवडू नका. १९३० हा क्रमांक लावा, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा, बँकेला कळवा. व्यवहार क्रमांक, रक्कम आणि वेळ हाताशी ठेवा. चोरीचे पैसे काही मिनिटांत या खात्यातून त्या खात्यात पळतात. ते कुठे तरी थांबलेले असतानाच अडवता येतात. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने तत्त्व घालून दिलं: चूक ना आपली ना बँकेची, आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर भार नाही. ओटीपी आपणच दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, त्यानंतरचं बँकेचं. म्हणजे प्रत्येक तासाला किंमत आहे.

आणि हा तास बहुतेक वेळा लाजेपायी जातो. ‘लोक काय म्हणतील, एवढा शिकलेला माणूस फसला’ म्हणून माणूस घरातसुद्धा बोलत नाही. शेजाऱ्याच्या घरी चोरी झाली तर आपण त्याला हसतो का? धावतच जातो ना? मग इथेही तसंच वागू या. या इमारतीत कोणाचंही दार रात्री वाजलं, ‘काका, पैसे गेले’ असं कोणी म्हणालं, तर ‘कसा काय फसलास?’ हे विचारायचं नाही. आधी १९३० लावून द्यायचा. पंचवीस वर्षांच्या शेजाराने एवढं तरी करावं, ही माझी विनंती.

आई तुळजाभवानी सर्वांच्या कष्टाचं रक्षण करो.