डिजिटल ठेव व तिची राखण



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं मागें वळून पाहणें हें जसें आपलें कर्तव्य, तसेंच मागें जें उरलें आहे तें पुढील पिढ्यांच्या हातीं कसें पोंचेल याचा विचार करणें हेंही कर्तव्यच होय. प्राचीन इमारती, उत्खननांत सांपडलेल्या वस्तु व हस्तलिखितें यांचीं मापें आणि छायाचित्रें हल्लीं संगणकांत डिजिटल रूपानें सांठवितात. या ठेवीविषयीं दोन शब्द सांगावे असें आम्हीं योजिलें आहे.

१५ एप्रिल २०१९ रोजीं पॅरिस येथील नोत्र दाम महामंदिरास आग लागली. मध्ययुगीन लांकडी छप्पर व उंच मनोरा अग्नीच्या भक्ष्यस्थानीं पडले. सुदैवानें अँड्र्यू टॅलन या अमेरिकन कलेतिहासकारानें २०१० सालीं लेझर यंत्रानें त्या मंदिराचीं मापें घेतलीं होतीं. हें यंत्र भिंतीवर किरण सोडतें आणि परत आलेल्या किरणावरून अंतर काढून एकेक बिंदु नोंदवितें. असे १०० कोटींहून अधिक बिंदु गोळा झाले होते. २०१४ सालीं दोन फ्रेंच वास्तुविशारदांनीं छपराच्या सांगाड्याचीही बारीक मोजणी केली होती. या नोंदी पुनर्बांधणीस फार उपयोगी पडल्या, आणि ७ डिसेंबर २०२४ रोजीं मंदिराचीं द्वारें पुन्हां उघडलीं. टॅलन मात्र आगीच्या कांहीं महिने आधींच निवर्तले होते.

परंतु, श्रोतेहो, एकदां संगणकांत घातलें म्हणजे चिंता मिटली असें समजूं नये. इंग्लंडचा राजा विल्यम यानें १०८६ सालीं आपल्या राज्यांतील जमिनींची नोंद करविली. ती ‘डूम्सडे बुक’ या नांवानें प्रसिद्ध आहे. तिच्या ९०० व्या वर्षानिमित्त, १९८६ सालीं, बी.बी.सी.नें देशाची नवी नोंद लेझर तबकड्यांवर सांठविली. दहा लक्षांहून अधिक लोकांनीं तींत भाग घेतला. त्यांत कितीतरी शाळकरी मुलें होतीं. पंधरा-सोळा वर्षांतच त्या तबकड्या वाचणारीं यंत्रें दुर्मिळ झालीं, आणि आंतील मजकूर सोडवून घेण्यास विद्वानांस मोठी खटपट करावी लागली. चर्मपत्रावरील जुनी वही मात्र आजही वाचतां येते!

यांतील मर्म काय? कागद कपाटांत ठेवून विसरला, तरी बहुधा शंभर वर्षांनीं डोळ्यांनीं वाचतां येतो. डिजिटल लेखास यंत्र लागतें, त्या यंत्राची भाषा लागते, आणि दोन्ही लवकर बदलतात. वेदीजवळील अखंड दिव्याप्रमाणें या ठेवीस सतत तेल घालणारा हात हवा.

यॉर्क विद्यापीठांतील ‘आर्किऑलॉजी डेटा सर्व्हिस’ ही संस्था १९९६ पासून हेंच काम करीत आहे. उत्खनन एकदांच होतें. खणलेले थर पुन्हां रचतां येत नाहींत. म्हणून नोंद गेली कीं सर्वच गेलें. ती संस्था प्रत्येक नोंदीसोबत ती कोणीं, कोठें, केव्हां व कशी घेतली हें लिहून ठेवते. निरनिराळ्या ठिकाणीं प्रती राखते. आणि जुनें रूप निरुपयोगी होण्यापूर्वीं मजकूर नव्या रूपांत उतरविते. सुमारे ८०,००० हस्तलिखितांच्या व्हॅटिकन ग्रंथालयानें खगोलशास्त्रज्ञांची ‘फिट्स’ पद्धति स्वीकारली आहे. तींत फाइलीच्या आरंभींच, ती कशी वाचावी, हें साध्या अक्षरांत लिहिलेलें असतें.

आतां आपल्या घरची गोष्ट. आपल्या धर्मग्रामाच्या बाप्तिस्मा, विवाह व मृत्यु यांच्या वह्या आहेत. कित्येकांच्या पणजोबांचें नांव त्या पानांवांचून अन्यत्र कोठेंही नसेल. त्यांचीं छायाचित्रें अवश्य घ्यावीं. परंतु मूळ वह्या टाकूं नयेत, ओल व वाळवी यांपासून त्या जपाव्या. प्रत्येक छायाचित्रास वहीचें नांव, वर्ष व पान लिहावें. तीन प्रती तीन ठिकाणीं ठेवाव्या, आणि दरवर्षीं ठराविक दिवशीं उघडून पाहाव्या. या कामीं दोन तरुणांनीं पुढें यावें, आणि पुढें तें आपल्याहून लहानांस शिकवावें.

खर्च थोडा आहे. नेम मात्र मोठा आहे. तो चालविण्याची बुद्धि परमेश्वर आपणां सर्वांस देवो.