परमुलखात शिकलेले खानखोजे
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपले जालना बियाण्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथे महिको कंपनी काढली, हे आपण जाणताच. पण त्याच्या कितीतरी आधी एक वऱ्हाडकडचा माणूस परमुलखात बियाण्यांचे शास्त्र शिकला होता. पुढे त्याला बराच काळ मायदेशी परतण्याची सोय राहिली नाही. त्यांचे नाव पांडुरंग सदाशिव खानखोजे.

खानखोजे मूळचे वर्ध्याचे. इंग्रजी राज्य शस्त्राने उलथायचे या ध्यासाने ते तरुणपणीच घर सोडून जपानात, व तेथून अमेरिकेत गेले. सॅन राफेलच्या लष्करी शाळेत १९१० पर्यंत कवायत शिकले. आता हा गृहस्थ बंदूक घेऊन निघणार, असे कोणालाही वाटेल. पण ते गेले ऑरेगॉनच्या कृषी महाविद्यालयात, आणि पुढे वॉशिंग्टन स्टेट कॉलेजात! पोटासाठी मिळेल ती मजुरी करायची, वर्गात पिकांचे शास्त्र शिकायचे, आणि तिकडच्या पंजाबी मजुरांत स्वातंत्र्याची गोष्ट बोलायची, असा तो क्रम होता. १९१३ साली गदर पक्ष उभा राहिला, त्यातही ते होतेच.

पहिल्या महायुद्धात ते इराणकडे लढायला गेले. पुढे बर्लिन, मॉस्को. ती हकीकत मोठी आहे, आज नको. १९२४ साली हा परागंदा माणूस मेक्सिकोत पोचला, आणि तेथे उपयोगी पडली ती कॉलेजातली विद्या. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले. मका आणि त्याचे रानटी भावंड टिओसिंटे यांच्या संकरावर त्यांनी काम केले, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. चाळीस वर्षांहून अधिक काळ बाहेर काढून ते स्वतंत्र भारतात परतले, आणि १९६७ साली नागपुरात वारले.

आता माझ्या मनातले सांगते. संकर म्हणजे काय, हे आपल्यातल्या कितीजणींना कोणी शिकवायला हवे? कपाशीच्या बीजप्लॉटमध्ये संध्याकाळी कळी सोलून पुंकेसर काढायचे आणि सकाळी दुसऱ्या फुलाचा पराग लावायचा, हे नाजूक काम बहुतेक बायकाच करतात. करारनामा मात्र बहुधा घरच्या पुरुषाच्या नावे असतो. हात आपले, आणि शास्त्र दुसऱ्याचे, असे किती दिवस चालायचे?

बदनापूरला कृषी महाविद्यालय आहे. तेथे जायला आगबोट लागत नाही! तरी बारावी झालेल्या मुलीला "शेतीच तर आहे, त्यात काय शिकायचे" असे आपणच म्हणतो. मंडळाच्या शिलकीतून यंदा सभागृहापुढे पत्र्याची शेड घालायचे ठरते आहे. ते वर्षभर थांबवावे, आणि आपल्या वस्तीतल्या दोन मुलींची कृषी शाखेची पहिल्या वर्षाची फी भरावी, अशी सूचना मी आज मांडते. कोणी अनुमोदन द्यावे.