रात्री दहाची दुप्पट मात्रा

(दिल्लीतील मराठी मंडळींच्या वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पत्रिकेवर विषय छापलाय ‘उपशामक वैद्यक आणि अखेरचे दिवस’. उपशामक वैद्यक म्हणजे पॅलिएटिव्ह केअर, गंभीर आजारात दुखणं हलकं करणारी सेवा. सिसिली साँडर्स, त्यांनी 1967 साली लंडनला सुरू केलेलं सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, 1986 साली मुंबईत सुरू झालेलं शांती अवेदना, पुण्यात वारज्याचं सिप्ला केंद्र, हा इतिहास आपण जाणताच. आपल्या दिल्लीत हरमाला गुप्ता यांनी स्वतः कॅन्सरमधून उठल्यावर 1996 साली ‘कॅनसपोर्ट’ उभी केली. डॉक्टर, नर्स आणि समुपदेशक अशी त्यांची पथकं घरी येतात, पैसे घेत नाहीत. तेव्हा मी थेट मुद्द्यावर येते. घरात एक माणूस अंथरुणाला खिळला की पेशंट दोन होतात. दुसऱ्याचा केसपेपर कुणी काढत नाही. तो काढलाच पाहिजे.

(श्रोत्यांतून : “मग फी पण दोघांची?” हशा.)

अहो, घरी येणारी पथकं एकाचीही घेत नाहीत!

गाझियाबादमधलं एक घर सांगते. तिसरा मजला, लिफ्ट नाही. काकांचा प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यात उतरलेला. काकू मूळच्या साताऱ्याकडच्या. त्यांनी दुधाच्या हिशेबाची वही माझ्यापुढे ठेवली. मागच्या पानांवर वेळा टिपलेल्या : एक दहा, दोन चाळीस, साडेतीन, पावणेपाच. प्रत्येक वेळेपुढे ‘कळ’. आम्ही डॉक्टर अशी वही पाहिली की खूश होतो, दुखण्याचा आलेख आयताच मिळतो. पण ती पानं पुन्हा बघा. कळा काकांच्या होत्या, आणि त्या प्रत्येक वेळेला घड्याळ पाहायला काकू जाग्या होत्या. रात्रीमागून रात्री.

मॉर्फिनचं नाव काढताच मुलगा म्हणाला, “अफू? बाबांना व्यसन लागेल.” ही भीती घरोघरी आहे. दुखण्यासाठी मोजून, वेळेवर दिलेल्या मॉर्फिनचं व्यसन लागणं फार विरळ. बद्धकोष्ठ मात्र हमखास होतं, म्हणून पहिल्या दिवसापासून जोडीला रेचक द्यायचं. आणि ही गोळी मिळवायची कशी? अफू पिकते आपल्याच नीमच-मंदसौरकडे, पण 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर तिच्यापासून झालेलं औषध आपल्याच माणसांना मिळेना. प्रत्येक राज्याचे परवाने निराळे. यमुना ओलांडून नोएडात गेलं की नियम बदलले, गुरुग्रामला गेलं की पुन्हा बदलले. 2014 च्या दुरुस्तीनं ते पुष्कळ सुटसुटीत झालं. तरी प्रत्येक इस्पितळात ही गोळी आजही मिळत नाही, याचा मला संताप येतो.

मॉर्फिनची साधी गोळी चार तास पुरते. म्हणून वेळा ठरलेल्या : सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा. मग मध्यरात्री दोनची? ती चुकवण्यासाठी डॉक्टर बहुधा रात्री दहाची मात्रा दुप्पट लिहून देतात. पुस्तकात याचं कारण दिलंय, रुग्णाची झोपमोड होऊ नये. मी म्हणते, त्या दुप्पट मात्रेतली अर्धी सांभाळणाऱ्यासाठी असते. काकांनाही तशीच मात्रा दिली. काही दिवसांनी गेले तर वहीचं रात्रीचं पान पहाटेपर्यंत कोरं. काकू माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, “मला डोळा लागला हो. त्यांना काही लागलं असतं तर?” झोप लागली म्हणून बाई माझी माफी मागत होती! त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं की झोपणं हाही उपचाराचाच भाग आहे.

पुढच्या रांगेतले डॉक्टरसाहेब मान हलवताहेत. ओपीडीत एकाला बघायला वेळ पुरत नाही, दोघांना कुठून बघायचं? एम्सच्या बाहेर फुटपाथवर नातेवाईक रात्र काढतात, ते मी रोज पाहते. पण “रात्री झोप झाली का? जेवलात का?” याला अर्धं मिनिट लागतं. उत्तर ‘नाही’ आलं तर औषध आणि घरातल्या कामाची वाटणी, दोन्ही बदला.

चिठ्ठी आलीय, वेळ संपत आली. मृत्युपत्रासारखं, अखेरचे उपचार कुठवर करायचे हे सांगणारं जे वैद्यकीय इच्छापत्र करतात, त्यावर सविस्तर बोलायचं होतं. एवढंच सांगते : सर्वोच्च न्यायालयानं 2018 साली त्याला मान्यता दिली आणि 2023 साली रीत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. ते धडधाकट असतानाच करा, म्हणजे आयसीयूच्या दारात मुलावर निर्णय घ्यायची पाळी येत नाही.

आणखी एक चिठ्ठी : “पॅलिएटिव्हवाल्यांना बोलावलं म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले ना?” मुळीच नाही. अमेरिकेत फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या 151 रुग्णांवर झालेला अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. ज्यांना सुरुवातीपासून ही सेवा मिळाली त्यांची मनःस्थिती बरी राहिली, अखेरीस आक्रमक उपचार कमी झाले, आणि तरी त्यांच्या जगण्याचा मध्यक 11.6 महिने होता, इतरांचा 8.9. तेव्हा बायोप्सीचा रिपोर्ट हातात पडेल त्याच आठवड्यात बोलवा. किमो चालू असली तरी बोलवा. आणि पथक आलं की रुग्णाची फाईल पुढे करण्याआधी त्यांना विचारा, “घरात सांभाळणारं कोण आहे, हे तुम्ही कुठं लिहून घेता?”