रडूबाई म्हटलेला मुलगा

काही मुले मुळातच हळवी असतात. घरात आवाज चढला तरी त्यांचा चेहरा उतरतो; मार दुसऱ्याला बसला तरी डोळे यांचे भरतात. शाळेत असा मुलगा हेरला जायला फार दिवस लागत नाहीत. मधल्या सुट्टीत त्याचा डबा पळवला जातो आणि तो रडतो. दुसऱ्या दिवशी डबा पळवतात ते मात्र भाजीसाठी नाही, रडू बघायला. आठवड्याभरात त्याचे नाव पडते : रडूबाई. मुलाला हिणवायला बाईचे नाव, म्हणजे एकाच शब्दात दोघांचा अपमान.

थट्टा कुठे संपते आणि छळ कुठे सुरू होतो, ही रेघ डॅन ओल्वेउस या मानसशास्त्रज्ञाने 1970 च्या दशकापासून स्वीडन-नॉर्वेतल्या शाळांचा अभ्यास करून आखली. मुद्दाम, पुन्हा पुन्हा आणि ज्याच्यापुढे मुलाचे काही चालत नाही असा दिलेला त्रास म्हणजे छळ.

छळ थांबल्यावरही मुलाचे शरीर सावधच राहते. मागच्या बाकावर कोणी हसले की याचे कान तापतात. नळावरची गर्दी ओसरल्याशिवाय हा पाणी प्यायला जात नाही. सोमवारी सकाळी पोट दुखते. ते खरोखरच दुखते, शाळा बुडवण्याचे ढोंग समजून ओरडू नये. धोक्याची वर्दी देणारा मेंदूतला भाग, अमिग्डाला, वारंवार डिवचला गेला की साध्या गोष्टीनेही जागा होतो.

अशा वेळी घरात हमखास ऐकू येते, 'मुलगा ना तू? मग रडतोस काय?' श्यामची आई वाचताना रडला तर कौतुक, वर्गात रडला तर लाज, असा हा न्याय. मुलगा त्यातून एवढेच शिकतो की राग तेवढा चालतो. मग सगळेच रागाच्या वाटेने बाहेर पडते : दप्तर आपटणे, धाकट्या बहिणीवर खेकसणे.

खरे तर मराठीत या अवस्थांना किती नेमके शब्द आहेत! गटात घेतले नाही तर मुलगा हिरमुसतो, चारचौघांत हसे झाले तर ओशाळतो, शाळेचे फाटक दिसताच धास्तावतो. हे शब्द त्याच्या तोंडी आले पाहिजेत. मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, चित्रातल्या चेहऱ्यावरच्या भावनेला शब्दात नाव दिले की अमिग्डालाची हालचाल मंदावलेली आढळली. रात्री वहीत 'आज ओशाळलो' एवढी एक ओळ लिहिणेही त्याच जातीचे काम आहे.

ऐन प्रसंगी मात्र वही हाताशी नसते. तेव्हा पाय जमिनीवर घट्ट टेकवून श्वास सावकाश सोडणे आणि तिथून निघून वर्गशिक्षकांना सांगणे, एवढे पुरते. ही चुगली नव्हे, हे मोठ्यांनी त्याला आधीच सांगून ठेवावे. डबा खायला शेजारी एक जरी खात्रीचा मित्र बसला, तरी निम्मे ओझे उतरते.

झोप उडणे, जेवण सुटणे, 'मी नसतो तर बरं' असे बोलणे हा हळवेपणा नाही. तिथे समुपदेशक गाठावा. टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक विनामूल्य आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीत बोलता येते. फोन मुलानेच करायला हवा असे नाही. आई किंवा बाबाही करू शकतात.