लाल म्हणजे नेमका कोणता लाल?
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



उस्मानपुऱ्यात मी गाड्यांच्या सीटचं, कुशनचं काम करतो, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे. संयोजक म्हणाले, तुझ्या कामातलं काहीतरी सांग. म्हणून एका गाडीबद्दल सांगतो.

गाडी होती एमजीबी. दोन माणसांची, उघड्या टपाची इंग्लिश स्पोर्ट्स कार. १९६२ ते १९८० या काळात ती अबिंग्डनच्या कारखान्यात बनायची. माझ्याकडे आलेली साठच्या दशकातली, आतून लाल. चालकाची सीट फाटली होती. मालक म्हणाले, "तेवढी एक लाल करून द्या."

पण कोणता लाल? त्या काळच्या एमजीबीत बसायच्या भागाला चामडं आणि बाजूंना, दारांना रेक्झिन असे. नवेपणी दोन्ही एकसारखी दिसत. पण ऊन आणि घाम दोघांना सारखं झिजवत नाहीत. आपल्या हिमरूत सूत आणि रेशीम एकत्र असतं. एकाच रंगात बुडवलं तरी दोन्ही धागे सारखा रंग घेत नाहीत. तसंच हे.

म्हणून आधी सगळं स्वच्छ पुसायचं, कारण मळाला रंग जुळवून उपयोग नाही. मग मूळ रंग शोधायचा. सीटच्या तळाशी दुमडलेल्या कडेत किंवा दाराच्या पॅडमागे ऊन पोहोचत नाही, तिथे तो सापडतो. या गाडीत तिथे कुंकवासारखा लाल होता, वर मात्र विटकरी.

ट्यूबलाइटखाली जुळलेला तुकडा उन्हात वेगळा दिसू शकतो. साडी दुकानाबाहेर नेऊन पाहणाऱ्या आपल्या आयांना हे पक्कं माहीत होतं. दाराचा तुकडा उभा धरून पाहायचा, सीटचा आडवा. रंग तोच असला तरी चकचकीत तुकडा जास्त गडद वाटतो. आणि रंगवलेलं पूर्ण वाळल्याशिवाय काही ठरवायचं नाही.

आता खरा पेच. मूळ कुंकवी लाल लावला, तर बाकीचं सगळं जुनाट दिसणार आणि तेही बदलावं लागणार. धंद्याच्या हिशेबाने माझा त्यातच फायदा. पण मालकांच्या आई गाडी पाहायला आल्या आणि शेजारच्या सीटवर हात ठेवून म्हणाल्या, "हे गाडी चालवायचे, मी इथं बसायचे." ते वारले, त्याला बरीच वर्षं झाली होती.

आम्ही ती सीट तशीच ठेवली. चालकाच्या सीटचं नवं चामडं तिच्या विटलेल्या रंगाला जुळवलं. मूळ लाल रंगाची एक पट्टी सीटखाली शिवून ठेवली. पुढे कुणाला गाडी मुळाबरहुकूम करायची झाली, तर खूण हाताशी राहील. नवं कधीही करता येतं. जुनं एकदा उचकटून फेकलं की परत आणता येत नाही.

तुमच्यापैकी कुणाच्या दारात वडिलांची कुर्ल्याच्या कारखान्यातली पद्मिनी किंवा जुनी स्कूटर उभी असेल, तर एवढंच करा. जुनं कव्हर टाकण्याआधी, ऊन न लागलेल्या जागचा वीतभर तुकडा कापून, कागदात गुंडाळून, कपाटात ठेवा. रंगाचं नाव विसरलं तरी चालेल, तुकडा हरवू देऊ नका.